इनॅमल तबकडीची घड्याळं जमवायची आहेत? सुरुवात अशी करा

इनॅमलची तबकडी म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. एवढं एक वाक्य पक्कं डोक्यात ठेवा. घड्याळ निवडताना, भाव करताना, मनगटावर घालताना आणि पावसाळ्यात सांभाळताना काय करायचं नि काय टाळायचं, ते त्यातूनच कळत जातं. काचेचा रंग उन्हाने उडत नाही, दमट हवेने पिवळा पडत नाही. शंभर वर्षांपूर्वी भट्टीतून निघालेली पांढरी तबकडी आजही तितकीच पांढरी असते. पण काच तडकते, आणि एकदा तडकली की ती पूर्वीची होत नाही.

चिपळूण-रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घड्याळांची आवड असलेली माणसं पुष्कळ आहेत. कुणाच्या वडिलांनी कुवेतहून आणलेलं सीको घरात असतं. कुणाचे आजोबा आगबोटीवर होते, त्यांचं साखळीचं घड्याळ अजून पेटीत असतं. त्या आवडीतून पुढे जाऊन हाताने केलेल्या इनॅमल तबकडीची मनगटी घड्याळं जमवावीशी वाटली तर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. घाई मात्र करू नका. पहिलं घड्याळ घ्यायच्या आधी चार-सहा महिने नुसतं बघण्यात गेले तरी ते फुकट जात नाहीत.

तबकडी बनते कशी

पातळ तांब्याची चकती घेतात, भारी घड्याळात चांदीची किंवा सोन्याची. काचेची अगदी बारीक पूड करतात. रंग येतो तो त्या काचेत मिसळलेल्या धातूंच्या ऑक्साइडमुळे: कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, कथलाच्या ऑक्साइडने अपारदर्शक पांढरा. ही पूड चाळणीने चकतीवर भुरभुरतात किंवा पाण्यात कालवून कुंचल्याने लावतात आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत थोडा वेळ ठेवतात. पूड वितळते, चकतीला धरते. गार झाली की घासून सपाट करायची, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. असं पाच-सहा वेळा, कधी त्याहून जास्त.

चकतीच्या पाठीमागेही इनॅमल लावावं लागतं. तांबं आणि काच गार होताना सारखी आकसत नाहीत. एकाच बाजूला काच असली तर चकती वाकते आणि वरची काच फुटते. म्हणून खऱ्या इनॅमल तबकडीला दोन्ही बाजूंनी काच असते आणि ती साध्या पितळी तबकडीपेक्षा बरीच जाड होते, एक मिलिमीटरच्या आसपास.

प्रत्येक भट्टीत काहीतरी बिघडू शकतं. धुळीचा एक कण आत गेला तर काळा ठिपका उमटतो, हवा अडकली तर बुडबुडा येतो, गार होताना तडा जातो. शेवटच्या भाजणीत तडा गेला तर आधीची सगळी मेहनत कचऱ्यात. घड्याळाच्या किमतीतला मोठा वाटा अशा वाया गेलेल्या तबकड्यांचा असतो, आणि हे समजलं की भाव ऐकून दचकायला होत नाही. जाहिरातीत ‘ग्राँ फ’ असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ हाच: मोठ्या आचेच्या भट्टीत भाजलेलं खरं इनॅमल.

प्रकार बरेच आहेत, पण सुरुवातीला चार ओळखता आले की पुरे. सगळ्यात साधी ती सपाट, एकरंगी. दुसरी क्लॉइझोने: सोन्याची अतिशय बारीक तार वाकवून चकतीवर चित्राची रेघ उभी करायची आणि मधल्या खणांत वेगवेगळे रंग भरायचे. तिसरी शांलवे, ज्यात धातू कोरून खड्डे करतात आणि त्यांत इनॅमल भरतात. जयपूरची मीनाकारी आपण दागिन्यांवर बघतो, ती मुख्यतः याच जातीची. चौथी फ्लँके: धातूवर यंत्राने किंवा हाताने नक्षी कोरायची आणि वर पारदर्शक रंगीत इनॅमल चढवायचं, म्हणजे घड्याळ हलवलं की रंगाखालून नक्षी चमकते. याशिवाय इनॅमलवर कुंचल्याने सूक्ष्म चित्र रंगवण्याची जिनिव्हाची जुनी परंपरा आहे, पण त्या किमती ऐकायच्याही पुढच्या गोष्टी आहेत.

डोळा तयार करा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात काही शे रुपयांत मिळतं. डोळ्याला अगदी जवळ धरायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. त्याची सवय व्हायला थोडे दिवस जातात.

सरावाला पहिली वस्तू घरातच सापडेल. फडताळात कुठेतरी इनॅमलची जुनी थाळी किंवा टमरेल असेल, कडेला टवका उडालेलं. ते काढा आणि टवक्याच्या कडेवर भिंग धरा. खाली काळं लोखंड, त्यावर गडद थर, त्यावर पांढरा थर, आणि तुटलेली कड काचेची असते तशी धारदार. घड्याळाची तबकडी लोखंडावर नसते आणि काम कितीतरी पटीने नाजूक असतं, पण पदार्थ तोच. टवका उडाला की काय होतं हे एकदा इथे बघून घेतलं म्हणजे घड्याळात तो ओळखायला चुकत नाही.

दुसरा सराव सावंतवाडीच्या राजवाड्यात. तिथे गंजिफा अजून हाताने रंगवल्या जातात. गोल पत्ता, आकाराने मोठ्या तबकडीएवढा, आणि त्यावर कुंचल्याने काढलेलं चित्र. दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे बारा-बारा असे १२० पत्ते असतात, म्हणजे एकाच हाताने काढलेली तीच आकृती पुन्हा पुन्हा बघायला मिळते. कारागिरांची परवानगी घेऊन भिंगातून बघा. हाताची रेघ सुरुवातीला थोडी जाड, शेवटी निमुळती होते. दोन पत्त्यांवरचा तोच मोर तंतोतंत एक नसतो. मग घरी येऊन छापील पत्ता किंवा मासिकातलं चित्र त्याच भिंगातून बघा: रंगाचे ठिपके दिसतील, सगळे एका मापाचे. हाताचं काम आणि छपाई यातला फरक डोळ्यात बसवायला कोकणात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

खरं इनॅमल कसं ओळखायचं

बाजारात ‘इनॅमल’ हा शब्द फार सैल वापरला जातो. लॅकरची, म्हणजे चकचकीत रोगणाची तबकडी, राळेची ‘कोल्ड इनॅमल’ तबकडी, आणि भट्टीत भाजलेली काच, तिन्ही याच नावाने विकल्या जातात. कोल्ड इनॅमल भट्टीत जातच नाही, ते राळेवर आधारलेलं असतं. त्यात सुंदर काम होतं, पण ते काच नव्हे आणि त्याची किंमत काचेची देऊ नये. जुन्या घड्याळांचे विक्रेते इनॅमलला ‘पोर्सलेन डायल’ म्हणतात, तो बोलण्यातला प्रघात आहे. उलट सीकोच्या अरिता मालिकेतली तबकडी खरीच चिनी मातीची असते, ती इनॅमल नाही.

घड्याळ ट्यूबलाइटखाली तिरकं धरा आणि तबकडीत पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बघा. छापील किंवा लॅकरच्या तबकडीत रेघ सरळ येते. इनॅमलमध्ये ती किंचित लाटेसारखी हलते, कारण वितळलेली काच कितीही घासली तरी पूर्ण सपाट होत नाही. मग भिंगाने मधल्या भोकाची कड बघा, जिथून काटे वर येतात. अळवाच्या पानावरचा थेंब कडेला जसा गोलसर उतरतो, तशी काच तिथे उतरलेली दिसते. पत्र्यातून कापलेली तबकडी असेल तर कड तीक्ष्ण असते. आकडे बघा: इनॅमलवरचे आकडेही बहुधा इनॅमलच्याच रंगाने काढून पुन्हा भाजलेले असतात, त्यामुळे ते पृष्ठभागात थोडे बसलेले किंवा थोडे उचललेले दिसतात, त्यांना स्वतःची चमक असते. इकडेतिकडे सुईच्या टोकाएवढा एखादा खळगा दिसला तर घाबरू नका. खरं तर तो नसला तर मी जास्त बारकाईने बघतो.

एचएमटी जनताची पांढरी तबकडी इनॅमल नाही, हे इथे सांगून ठेवतो, कारण तशी विकायला येणारी घड्याळं दिसतात. एचएमटी जरूर जमवा, ते चांगलं घड्याळ आहे, पण ज्या नावाचं आहे त्या नावाने. मुंबईत जुन्या मशीनवर नवी रंगीत तबकडी रंगवून विकलेली घड्याळंही पुष्कळ फिरतात. परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यातली ‘इनॅमल’ तबकडी म्हणजे साधा रंग असतो.

तडे शोधा

जुनं घड्याळ घेताना सगळा वेळ इथे घालवा. मशीन दुरुस्त होतं, वरची काच बदलता येते, केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीला, पॉलिश होतं. तबकडीला दुसरा जन्म नाही.

तडे कुठे जातात ते ठरलेलं असतं. मधल्या भोकापासून बाहेर, छोट्या सेकंद काट्याच्या गोलाच्या कडेने, आणि तबकडीच्या मागे जिथे तांब्याचे पाय जोडलेले असतात त्याच्या बरोबर वर. कुठल्यातरी कारागिराने पायाचा स्क्रू जोरात आवळला की तिथून तडा निघतो. वरच्या काचेच्या कडेखाली टवका लपलेला असतो, म्हणून घड्याळ सगळीकडून तिरकं करून बघा, शक्य असेल तर केस उघडून.

बारीक तड्यात धूळ-तेल शिरलं की तो काळा दिसतो. काही विक्रेते तबकडी काढून दातांच्या कवळ्या धुवायच्या गोळीच्या पाण्यात ठेवतात. मळ निघतो, तडा दिसेनासा होतो, पण असतो तिथेच. म्हणून समोरच्या उजेडात स्वच्छ वाटलेली तबकडी बाजूने टॉर्च मारून पुन्हा बघा, नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर तोही मारा. टवक्याच्या जागी राळ भरून रंगवलेलं असेल तर त्या दिव्यात ती जागा बाकीच्या तबकडीपेक्षा वेगळी उजळते.

एखादा बारीक तडा असलेलं घड्याळ घ्यायचं का? माझं मत: साधी पांढरी, जुनी, सैनिकी जातीची तबकडी असेल आणि भाव त्याप्रमाणे उतरवला असेल तर घ्यावं. क्लॉइझोने किंवा रंगवलेल्या तबकडीत तडा असेल तर घेऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी. तिथे चित्र हेच सर्वस्व असतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या मनगटी घड्याळांच्या तबकड्या बहुतेक इनॅमलच्या आहेत, आणि संग्रहाची सुरुवात करायला त्या फार चांगल्या. पण त्यांतल्या अनेकांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियमचा रंग आहे. आता तो तपकिरी, जाडसर आणि भुरभुरीत दिसतो, अंधारात चमकतही नाही, पण रेडियम संपलेलं नसतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे. असं घड्याळ घरी उघडू नका, रंग खरवडू नका, त्याची पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका, आणि दुरुस्तीला देताना घड्याळजीला आधी सांगा.

पहिलं कुठलं घ्यावं

पहिलं घड्याळ नवं आणि एकरंगी घ्या, असा माझा आग्रह आहे. नव्यात तड्याची शंका नसते, आणि रोज मनगटावर बघितलेलं खरं इनॅमल पुढच्या प्रत्येक खरेदीला मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतं. सीकोची प्रेसाज नावाची घड्याळं आहेत, त्यांच्या इनॅमल मालिकेतलं घड्याळ त्यासाठी उत्तम. सीकोचं इनॅमलशी नातं जुनं आहे: जपानमध्ये बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ, १९१३ चं लॉरेल, इनॅमल तबकडीचंच होतं. प्रेसाजच्या तबकड्यांचं काम मित्सुरू योकोसावा या कारागिराच्या देखरेखीखाली झालं. नागोयाच्या अँडो या कंपनीने केलेल्या निळ्या शिप्पो (जपानी इनॅमल) तबकडीचं प्रेसाजही आहे, तेही कुठे दिसलं तर हातात घेऊन बघा. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोची अॅनऑर्डेन ही छोटी कंपनी २०१८ पासून इनॅमल तबकडीची घड्याळं विकते आहे. तिचे रंग अप्रतिम आहेत, फक्त थांबायची तयारी हवी.

त्यानंतर एखादं जुनं पांढरं, वर सांगितलं त्या काळातलं. खिशातलं घड्याळही चालेल. वेस्ट एंड वॉच कंपनीची, तबकडीवर बॉम्बे-कलकत्ता लिहिलेली घड्याळं आपल्याकडे घराघरांतून निघतात, आणि त्यांच्यावर तपासणीचा सराव चांगला होतो.

मग स्विस. ब्रेगे आणि जाके द्रो यांच्या साध्या पांढऱ्या इनॅमल तबकड्या बघितल्या की थोडक्यात किती सांगता येतं ते कळतं. युलिस नार्दां क्लॉइझोनेसाठी प्रसिद्ध आहे, आणि ल लॉक्ल गावातली दोंझे काद्राँ ही इनॅमल तबकड्यांची कार्यशाळा २०११ पासून तिच्याच मालकीची आहे. अनिता पोर्शे या स्वतंत्र कलावतीने पाटेक फिलिप, वाशरॉन कॉन्स्टँटिन अशा घराण्यांसाठी तबकड्या केल्या. तिची सही असलेली तबकडी आता संग्राहक तिच्या नावानेच मागतात.

आणि अगदी वरच्या पायरीवर पाटेक फिलिपचं २५२३ या क्रमांकाचं जागतिक वेळ दाखवणारं घड्याळ, १९५३ मध्ये आलेलं. त्यात लुई कोतिए या घड्याळजींची यंत्ररचना आहे आणि काही मोजक्या घड्याळांच्या मधोमध क्लॉइझोनेचे नकाशे आहेत. निळ्या इनॅमलचं एक २५२३ नोव्हेंबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या क्रिस्टीज लिलावात सात कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेलं. ते घ्यायला तुम्हाला सांगत नाही. पण लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर अशा घड्याळांचे मोठे फोटो फुकट बघायला मिळतात आणि रोज रात्री अर्धा तास ते बघणं हे संग्राहकाचं शिक्षणच आहे.

खरेदी कुठे आणि कशी

नवं घड्याळ अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. कोकणात भारी घड्याळांची दुकानं जवळजवळ नाहीत, त्यामुळे मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागतं. दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला आयकर, घेतो. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पावती जपून ठेवा. रोखीचा आग्रह धरणाऱ्याकडून घेऊच नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं कायद्यानेच बंद आहे.

परदेशातून मागवायचं असेल तर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरूनच भाव ठरवा, नाहीतर कुरिअरवाला दारात आल्यावर धक्का बसतो. स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे, त्यात स्विस घड्याळांवरची ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरायची आहे. खरेदीच्या दिवशी चालू दर बघून घ्या. दुबई-कतारला असलेल्या भावाला, मेहुण्याला ‘येताना घेऊन ये’ म्हणणं आपल्याकडे सोपं. पण विमानतळावर ते जाहीर करायला लावा आणि ड्यूटीची पावती घ्या. त्या पावतीशिवाय पुढे विकताना घड्याळाची किंमत पडते, शिवाय बिचाऱ्याला तिथे अडकून पडावं लागतं ते वेगळंच.

मुंबईचा चोरबाजार, मटन स्ट्रीट, बघायला जरूर जा. भिंग घेऊन जा, पैसे घरी ठेवून जा.

जुनी घरं हा कोकणातला खरा ठेवा. वाटण्या होतात, घर उतरवतात, आणि पेटीतून आजोबांचं घड्याळ बाहेर येतं. अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसाशी बोला. ‘काका, घड्याळ नुसतं बघायला मिळेल का?’ एवढंच आधी विचारा. विकायचा विषय त्यांनी काढला तरच पुढे बोला. वस्तू खरोखर मोलाची असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि योग्य भाव द्या. गावात नाव खराब झालं की पुढची दहा दारं बंद होतात, आणि ते व्हावं इतकं कुठलंच घड्याळ मोठं नाही. घड्याळ सामाईक असेल तर भावंडांची संमती असल्याचं चिठ्ठीवर लिहून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो, त्यामुळे असं काही भारताबाहेरच्या गिऱ्हाइकाला परस्पर पाठवू नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

खारी हवा आणि पावसाळा

इनॅमलला पावसाळ्याचं भय नाही, भय आहे ते त्याच्या भोवतीच्या पोलादाला. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा महापूर ओसरल्यावर एका घरातून निघालेलं चांदीच्या केसचं मनगटी घड्याळ माझ्या हातात आलं होतं. चिखलाच्या पाण्यात दोन दिवस. मशीन गंजून एक गठ्ठा झालेलं, निळे पोलादी काटे तांबूस होऊन तबकडीला चिकटलेले, काट्यांच्या खाली गंजाची सावली उमटलेली. घड्याळजींनी काटे अलगद सोडवले, ओल्या मऊ कापडाने तबकडी पुसली, आणि आकड्यांचा काळा रंग, मिनिटांच्या बारीक रेघा, सगळं जसंच्या तसं वर आलं. मशीनसाठी मात्र दुसरं जुनं घड्याळ शोधावं लागलं.

म्हणून लक्ष पोलादाकडे द्या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि किनाऱ्यापासून आत काही अंतरापर्यंत हवेत मीठ असतं. मृग लागायच्या आधी, मेअखेरीस, सगळी घड्याळं कोरड्या कापडाने पुसून हवाबंद डब्यात ठेवा. डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येतं. कॅमेऱ्यासाठी मिळतं ते विजेवरचं कोरडं कपाट घेतलंत तर फारच उत्तम, फक्त आपल्याकडे वीज जाते हे धरून आत थोडं जेल असू द्या.

चामड्याचे पट्टे काढून वेगळे ठेवा. बुरशी आधी पट्ट्याला लागते आणि तिथून ओल केसला. पावसाळ्यात नायलॉनचा पट्टा वापरा. कपड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या घड्याळाच्या डब्यात घालू नका, कारण जुन्या घड्याळांची काच अनेकदा प्लॅस्टिकची असते. चावीची घड्याळं महिन्यातून एकदा चावी देऊन चालू करा, तेवढ्यात डब्याची हवाही बदलते.

घालायचं कधी, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण मी ती घालण्याच्या बाजूचा आहे. लग्नकार्य, ऑफिस, दिवाळी, गणपतीतली आरती, खुशाल घाला. दुचाकीवरून खड्ड्यांतून जाताना, होडीत चढताना, नारळ सोलताना हातातून काढा. जुन्या घड्याळात पाणी थोपवायची काही सोय नसते, आणि नव्या इनॅमल घड्याळांतही ३० मीटर लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील इतकाच घ्यावा. समुद्रात तर नाहीच.

सर्व्हिसिंग

चांगला घड्याळजी सापडणं हे घड्याळ सापडण्यापेक्षा अवघड आहे. आपल्या तालुक्यात बॅटरी बदलणारे पुष्कळ, पण मशीन खोलून तेल घालणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही वयस्कर. त्यांच्याकडे जात राहा, चहा घ्या, काम बघा. पहिल्यांदा साधं घड्याळ देऊन हात पारखा. मग इनॅमलचं देताना तीन गोष्टी नम्रपणे सांगा: काका, काटे काढताना खाली प्लॅस्टिक ठेवा, पायाचे स्क्रू हलक्या हाताने, आणि तबकडी धुवायच्या मशीनमध्ये घालू नका. जाणता माणूस याचा राग मानत नाही, उलट तबकडी काय आहे हे तुम्हाला कळतं याचा त्याला आनंद होतो. जो हसून उडवून लावेल त्याच्याकडे देऊ नका, मुंबईला पाठवा. मात्र पाठवताना हाताने न्या. रातराणीत मांडीवर घेऊन गेलात तरी चालेल, पार्सलने नको.

कागद आणि घरची माणसं

प्रत्येक घड्याळाला वहीत एक पान द्या. बिल, ड्यूटीची पावती, केसच्या आतला क्रमांक, तबकडीचे भिंगातून काढलेले फोटो, कुठे बारीक तडा आहे त्याची खूण, सर्व्हिसिंग कधी आणि कुणाकडे. हे फोटो घड्याळ दुरुस्तीला देण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा काढा. परत आल्यावर नवा तडा दिसला तर वाद घालायला जागा राहत नाही. किंमत लाखांत गेली की विमा घ्या. घराच्या विम्यात दागिन्यांबरोबर घड्याळं घालता येतात का ते एजंटला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ही वही कुठे आहे ते घरात निदान एकाला माहीत असू द्या. भारी घड्याळ कुठलं आणि साधं कुठलं हे पेटी उघडणाऱ्याला कळत नाही, आणि एखादी पांढरी तबकडी ‘जुनंच आहे’ म्हणून भंगारात जाते. प्रत्येक पानावर अंदाजे किंमत पेन्सिलीने लिहा, दरवर्षी दिवाळीत ती बदला, आणि विकायची वेळ आली तर कुणाला दाखवायचं अशी दोन-तीन भरवशाची नावं शेवटच्या पानावर लिहून ठेवा. सगळी घड्याळं एकाच व्यापाऱ्याला एकदम दाखवू नयेत, हेही तिथेच लिहा.